दाराचा वरचा कोपरा

शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत मला 'भूकंपाच्या बाई' म्हणतात. कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली, पण गल्लीला त्याचं विशेष काही नाही. मांडणीवरची भांडी जराशी किणकिणली की शेजारच्या काकू आधी मला फोन लावतात आणि मग नवऱ्याला हाक मारतात. निम्म्या वेळा तो बोळातनं गेलेला वाळूचा डंपर असतो. मी तसं सांगते, त्यांचा थोडा हिरमोड होतो आणि त्या परत आपल्या कामाला लागतात.

मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे ज्वालामुखी फुटेल का, असं कुणी विचारलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. म्हणते, फुटून गेला, आपण त्याच्यावरच चहा पीत बसलोय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा आला, मग तिसरा. पन्हाळ्याच्या कड्यावर पायऱ्यांसारखे जे टप्पे दिसतात, ते तेच थर. हे सगळं मी अशा ठसक्यात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई तिथं छत्री घेऊन उभ्या होत्या. आवाज माझा मुळातच मोठा, त्यात वर्गात माईक नसतो. शंका विचारायला कुणी तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तयार असतं. ह्याच सवयीपायी माझ्या बहिणीचं अख्खं कुटुंब डोंगराखाली जायची वेळ आली होती.

माझी धाकटी बहीण चंदगड तालुक्यात दिली आहे. गोव्याच्या अंगाला, घाटाच्या तोंडाशी तिची वाडी. एसटीतून उतरल्यावर अर्धा तास चढ आहे. वाडी वर सपाटीवर, पण बहिणीचं घर वाडीपासून सुटं, जरा खाली डोंगराच्या उतारावर एका टप्प्यावर बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, कौलं, पुढं अंगण, मागं चढत गेलेली काजूची बाग. घर तिच्या सासूबाईंनी आणि सासऱ्यांनी मिळून उभं केलेलं. चिरे दोघांनी डोक्यावरून वाहिलेले, गवंडी फक्त कोपऱ्यांपुरता. सासरे गेले. आता घरात बहीण, मेव्हणे, दोन पोरं आणि सासूबाई. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला मास्तरीण म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा भाग थोडाच असतो.

तिथला पाऊस ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून पटत नाही. जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, मिठाचं पाणी होतं, काड्यापेटी चुलीच्या वर शिंक्यात ठेवावी लागते. दारं-खिडक्या तर सगळ्या वाडीच्या फुगतात. पावसाळ्यात दाराला खांदा लावून आत जायचं, हे तिथं कुणाला नवीन नाही.

तर झालं असं की, एका गणपतीला मी गेले तेव्हा स्वयंपाकघराचं मागचं दार, जे डोंगराकडे उघडतं, ते लागत नव्हतं. वरचा उजवा कोपरा चौकटीला घासत होता. मेव्हण्यांनी वाडीतल्या सुताराला बोलावलं होतं. वय झालेला, किडकिडीत माणूस, कानावर पेन्सिल. त्याने दार दोनदा उघडून मिटून बघितलं, चौकटीला काटकोन बघायचा गुण्या लावला आणि काहीतरी बोलायला म्हणून माझ्याकडे वळला. मी चुलीपाशी बसून करंज्या लाटत होते. त्याला बोलायची संधी न देता मी लाकूड पाणी कसं शोषतं, त्याच्या नळ्या कशा फुगतात, यावर पाच मिनिटं बोलले. रंधा मारा, दिवाळीपर्यंत आपोआप ढिलं होईल, असं सांगून मोकळी झाले. सुतार "बरं बाई" म्हणाला. त्याने कोपरा तासला, करंज्या बांधून घेतल्या आणि गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच कोपरा. मी फोनवरूनच रंधा मारायला सांगितलं. त्यानंतरच्या गणपतीला गेले, तेव्हाही तेच. दार खालून मात्र वर उचलल्यासारखं झालं होतं आणि त्या फटीतून कोंबड्या स्वयंपाकघरात यायला लागल्या होत्या. ह्यावर आम्ही सगळे हसत होतो. मीही हसले. डोंगर कसे बनतात हे शिकवणारी मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत दाराखालची फट वाढत चालली होती.

चौथ्या वर्षी मी मार्चमध्ये गेले. काजूचा हंगाम ऐन भरात होता, बोंडांचा आंबूस वास सगळ्या बागेभर, पाऊस पडून पाच महिने उलटलेले. अंगणात वाळलेली पानं चुरा होत होती इतकं कोरडं. आणि मागचं दार लागत नव्हतं. सुतार रंधा घेऊन आलेला.

मी म्हटलं, आता कशानं फुगलं?

त्याने रंधा खाली ठेवला. "बाई, रागावू नका, पन लाकूड आडवं फुगतं. उंचीनं फुगत न्हाय. ह्यो कोपरा वरनं घासतोय. पैल्या वर्सापासनं वरनंच घासतोय."

मग तेव्हाच का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. विचारतानाच उत्तर मला कळलं होतं.

"सांगणार हुतो की. तुमी शिकलेल्या, तुमी म्हणाला फुगलंय. मी म्हटलं, आसंल."

दाराच्या आतल्या बाजूला बहीण उभी होती, पदराला हात पुसत. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, गेली दोन वर्सं मी हे दार आतनं लावतच न्हाय. अडकलं आणि काय झालं, तर पोरं भाईर कशी काढायची म्हणून. तू म्हणालीस काय न्हाय, म्हणून मी बोलले न्हाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला तो स्वतःचाच, पण सवयीने मी तो आवाजात आणला आणि सुताराला म्हटलं, गुण्या द्या. चौकट काटकोनात नव्हतीच. उजवी बाजू खाली गेली होती, चांगली दोन बोटं. म्हणजे दार जिथल्या तिथं होतं आणि घर खचत होतं. घराचा पाया खडकावर आहे असं सासरे सांगायचे आणि ते खरंही होतं. पण खडक कशावर आहे, हे बघायचं काम माझं होतं.

मी चपला घातल्या आणि बागेत वर चढले. सुतार मागोमाग आला, कुणी बोलावलं नसताना. ह्या भागात डोंगराच्या माथ्यावर जांभा असतो. खालच्या काळ्या खडकाचं लाखो वर्षांच्या पावसाने जे झालं तो जांभा. वरून टणक दिसतो, पण आत सगळा भोकाभोकांचा. पाणी त्यातून सरळ खाली जातं. आणि जांभ्याच्या खाली असते एक पांढुरकी, गुलाबी झाक असलेली माती. कोरडी असताना ती पिठासारखी लागते, भिजली की ओल्या साबणासारखी. वरचं पाणी तिथं येऊन थांबतं. मग वरच्या जांभ्यासकट, झाडांसकट, घरासकट अख्खा उतार त्या साबणावर बसलेला असतो. हे मी दर वर्षी फळ्यावर काढते. विद्यार्थी त्याला तीन मार्कांची टीप म्हणतात.

घरामागे साठ-सत्तर पावलांवर मला हवं होतं ते सापडलं, म्हणजे नको होतं ते. उताराला आडवी, कोयत्याच्या पात्यासारखी वाकलेली एक भेग. तिच्या खालच्या अंगाची काजूची झाडं सगळी एकाच बाजूला कललेली. भेग पालापाचोळ्याने आणि दगडांनी नीट भरून घेतलेली होती. मेव्हण्यांनीच भरली होती. ते मागून आले आणि अभिमानाने म्हणाले, "हितं पाणी लई चांगलं मुरतंय अक्का. वरच्या वगळाचं सगळं पाणी आत जातंय, भाईर थेंब न्हाय येत. म्हणून तर ह्या वर्सी काजू असा धरलाय."

मी खाली बसले. तीन पावसाळे ते पाणी मेव्हण्यांच्या आनंदात त्या मातीपर्यंत जात होतं, आणि मी तिथं येऊन करंज्या खात होते.

आता एकच गोष्ट करायची होती, जूनच्या आत ह्या पाच जणांना त्या घरातून बाहेर काढायचं. वाडीत सपाटीवर मेव्हण्यांच्या चुलत भावाचं घर बंद होतं, तो पुण्याला असतो, किल्ली ह्यांच्याकडेच. म्हणजे जायला जागा होती. पण जायला कुणी तयार नव्हतं. मेव्हणे म्हणाले की भेग जुनी असेल. मावशी तर माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आतच उठून गाईला वैरण घालायला गेल्या.

मग मी पुराव्याच्या मागे लागले, तो आमच्या धंद्याचा रोग आहे. सुताराने भेगेच्या दोन्ही अंगांना सागाच्या दोन खुंट्या ठोकून दिल्या आणि दोन्हींच्या डोक्यावर एकेक खिळा मारला. दर रविवारी बहिणीने दोन खिळ्यांमधलं अंतर टेपने मोजायचं आणि मला फोटो पाठवायचा. ती दहावीला गणितात नापास झालेली. मी कोल्हापुरात परत आले आणि दर रविवारी सकाळी पोहे करता करता फोनकडे बघत बसायला लागले. तिने कधी चुकवलं नाही. फोटोत टेप, खिळे आणि टेप दाबून धरणारा तिचा अंगठा.

सात रविवार आकडा हलला नाही. मेव्हण्यांनी फोनवर हसून घेतलं, "अक्का, डोंगराला बी कळलंय, तुमी माप घेताय म्हणून." मग मेच्या मधोमध वळवाचे दोन मोठे पाऊस झाले आणि पुढच्या फोटोत अंतर पाऊण इंच वाढलेलं होतं. बहिणीने खाली फक्त लिहिलं होतं, तीनदा मोजलं.

मी तालुक्याला अर्ज देऊन आले. तिथून माणसं आली, त्यांनी भेग बघितली, चौकट बघितली आणि पावसाळ्यात ह्या घरात राहू नका असं लेखी देऊन गेली. मेव्हणे त्या कागदाने हलले. भांडी बांधायला लागले. मावशींनी मात्र तो कागद दुमडून लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली घातला, झाकण सैल होतं म्हणून. तुम्ही जावा, म्हणाल्या, मी आणि गाय राहतो. मुलाने समजावलं, बहीण रडली, वाडीतल्या चार बायका येऊन बसल्या. काही उपयोग झाला नाही. त्यांना सोडून मेव्हणे जाणार नव्हते, आणि मेव्हण्यांना सोडून बहीण.

मे संपायला तीन दिवस राहिले असताना मी रजा टाकून गेले. एसटीत मी सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी साबणाचं उदाहरण, मग खुंट्यांचे आकडे, मग दोन पोरांचा विषय. चाळीस जणांचा वर्ग मी बोलून गप्प करते, एक म्हातारी बाई काय चीज आहे, असं वाटत होतं.

मावशी अंगणात बसून काजूच्या बिया निवडत होत्या. मी समोर बसले आणि सुरू झाले. त्यांनी मान वर केली नाही. साबण झाला, आकडे झाले. पोरांचा विषय काढला तसं त्या म्हणाल्या, "मास्तरीण, तू आलीस की बोलतीस. ह्ये घर आमी बोलून बांधल्यालं न्हाय."

माझं पुढचं वाक्य तयार होतं. पण मी त्यांचे हात बघत राहिले. काजूच्या तेलाने बोटांची कातडी काळी पडून सोललेली. ह्याच हातांनी त्यांनी ते चिरे उचलले होते, आणि मी त्यांना माती समजावत होते. मग मी जे ठरवलं नव्हतं तेच बोलले.

"मावशी, माझं चुकलं. पहिल्या वर्षी सुतार सांगत होता, मी त्याला बोलू दिलं नाही. तीन पावसाळे तुम्ही सगळे माझ्या शब्दावर ह्या घरात झोपलात. काही झालं असतं, तर ते माझ्यामुळे झालं असतं." एवढं बोलून मला हुंदका फुटला. आवाज कुठल्या कुठे गेला.

मावशींनी बिया निवडायचं थांबवलं.

"इतकी वर्सं येतीस, एकदाबी चुकलं म्हणालीस न्हाय," त्या म्हणाल्या. "आज म्हणतीस म्हंजे तू खरंच भ्यायलीस." मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत सुनेला हाक मारली, "ए, गाईचं दावं सोड गं."

दुपारपर्यंत सगळं वरच्या घरात गेलं. सुताराने मागचं दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं. सागाचं आहे, म्हणाला, कशाला सोडायचं.

पण माझा घोर संपला नव्हता. मावशी वर राहायला गेल्या खऱ्या, तरी रोज सकाळी खाली उतरून जायच्या. रिकाम्या घरात चूल पेटवायच्या, अंगण सारवायच्या, घटकाभर बसून परत यायच्या. चूल विझू दिली तर घर मेलं म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. बहीण सांगून थकली. मी फोनवर ओरडले तर त्यांनी फोन कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिला. मी बराच वेळ कोंबड्यांशी भांडत होते, हे मला नंतर कळलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आठ दिवस उघडीप नव्हती. मी पहिल्या तासाला वर्गात होते, आणि फळ्यावर नेमकं काय होतं ते विचारू नका. फोन थरथरला. मी वर्गात फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला. बहिणीचा आवाज पावसात तुटत येत होता.

"अक्का, घर गेलं."

सकाळची साडेआठची वेळ. मावशींची चुलीची वेळ. मी विचारलं, मावशी कुठायत. उत्तर नीट ऐकू येईना. मी पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं. समोरची सगळी पोरं उभी राहिली होती. सव्वीस वर्षांत डोंगरांबद्दल मी जे काही शिकले आणि शिकवलं, ते सगळं त्या क्षणी मला फेकून द्यावंसं वाटलं. एका म्हातारीला एका चुलीपासून लांब ठेवता आलं नाही, तर काय करायचं ते घेऊन.

मग फोन कुणीतरी बहिणीच्या हातातून घेतला.

"वरडू नको," मावशी म्हणाल्या. "हितंच हाय मी."

मी खुर्ची ओढली. त्या सांगत होत्या, आणि मी वर्गासमोर बसून खुशाल रडत होते. त्या रोजच्यासारख्या निघाल्या होत्या. घराच्या अलीकडे वाटेवर एक झरा आहे, बारा महिने काचेसारखं पाणी. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी त्याच झऱ्यावर घागर भरलेली. आज तो पांढुरका-गुलाबी वाहत होता. त्या तिथंच थांबल्या. हातातली काड्यापेटी तशीच पदरात बांधली आणि मागं फिरल्या. अर्ध्या वाटेवर मागं आवाज झाला.

मी विचारलं, झऱ्याचं पाणी गढूळ झालं की मागं फिरायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी तर सांगितलं नव्हतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सांगाय कशाला पायजे," त्या म्हणाल्या. "पाण्याचा रंग मला कळत न्हाय व्हय?"

पलीकडे पाऊस धडाधडा कौलांवर पडत होता. मग त्यांचा आवाज आला, थोडा खालच्या पट्टीत, पण हुकूम तोच.

"दिवाळीनंतर नवीन घर बांदायचं. जागा बघाय ये. पन एकटी येऊ नको, सुताराला बी संगं घे. आणि तो बोलताना मधी बोलू नको."

मी नाही बोलणार म्हटलं.